ब्लॅक ख्रिसमस: १९७४ चा पोटमाळा आणि २००६ चा रिमेक

हिमरेषा

टोरांटोला राहायला आल्यापासून नाताळच्या आठवड्यात १९७४ चा ‘ब्लॅक ख्रिसमस’ हा भयपट पाहण्याचा माझा नेम आहे. यंदा भाची सुटीला आली होती. तिने मूळ चित्रपट पाहिलेला नव्हता, पण २००६ च्या रिमेकबद्दल मैत्रिणींकडून बरेच ऐकले होते. तेव्हा एकाच रात्री आधी मूळ आणि लगेच रिमेक असे दोन्ही पाहायचे ठरले. दुसरा संपला तेव्हा दीड वाजून गेला होता. भाची म्हणाली, “मावशी, रक्त दुसऱ्यात जास्त आहे, पण आज मला झोप लागणार नाही ती पहिल्यामुळे.” त्या वाक्याचा विचार अजून डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा. दोन्ही चित्रपटांचे शेवट पुढे उघड होणार आहेत. ज्यांना आधी पाहायचे असतील त्यांनी इथेच थांबावे.

मूळ चित्रपट दिग्दर्शक बॉब क्लार्क यांचा. ते अमेरिकेचे, पण हा चित्रपट कॅनडाचा. टोरांटोत चित्रित झालेला. कथेतले घर सोरोरिटीचे आहे, म्हणजे विद्यापीठातल्या मुलींचे एकत्र राहण्याचे घर, आणि त्यांच्यावर देखरेख करायला मिसेस मॅक नावाची एक वयस्क बाई. नाताळची सुटी लागली आहे, मुली सामान बांधून घरोघरी निघाल्या आहेत, खाली मेजवानी चालू आहे आणि बाहेर कोणीतरी वेलीसाठी भिंतीला लावलेल्या लाकडी जाळीवर पाय देत पोटमाळ्याच्या खिडकीतून आत शिरतो. हे सारे आपण त्या माणसाच्या डोळ्यांनी पाहतो. कॅमेरा चालवणाऱ्या बर्ट डंक यांनी तो अंगावर बांधून स्वतः ती जाळी चढली होती. त्या हातापायांच्या धडपडीत माणसाच्या शरीराचे जे वजन जाणवते ते चाकांवर सरकणाऱ्या कॅमेऱ्याने कधीच आले नसते. ‘हॅलोवीन’ हा गाजलेला भयपट आला १९७८ मध्ये. खुन्याच्या नजरेतून दिसणारे घर, सणाची रात्र, एकेक करून मारल्या जाणाऱ्या मुली, हा पुढे सरधोपट झालेला साचा इथे चार वर्षे आधी जवळजवळ पूर्ण तयार आहे.

पण मला सांगायचे आहे ते फोनबद्दल. पहिला फोन येतो तेव्हा मुली दिवाणखान्यात रिसीव्हरभोवती गोळा होतात, कारण असे घाणेरडे फोन त्यांना आधीही आलेले आहेत आणि त्यांची थोडी गंमतही वाटू लागलेली आहे. कॅमेरा एकेका चेहऱ्यावरून सावकाश सरकतो. रिसीव्हरमधून एकाच गळ्यातून पुरुषाचा, बाईचा, लहान मुलाचा असे वेगवेगळे आवाज येत राहतात, किंचाळणे, रडणे, डुकरासारखे हुंकार. मुलींच्या ओठांवरचे हसू विरत जाते. त्यांच्यातली बार्ब त्याला उलट शिव्या देते आणि त्याबरोबर तो सगळा आकांत एकदम थांबतो. अगदी सपाट, शांत आवाजात तो ठार मारण्याची धमकी देतो आणि फोन बंद होतो. या आवाजांचा मोठा भाग निक मँकुसो या नटाचा आहे. छाती दाबली जाऊन आवाज पिळवटून निघावा म्हणून ध्वनिमुद्रणाच्या वेळी ते डोक्यावर उभे राहिले होते. संगीतकार कार्ल झिट्रर यांनी पियानोच्या तारांना काटे, सुऱ्या आणि कंगवे बांधून वाजवले. हे वाचल्यावर मी मुद्दाम कान देऊन पाहिले. स्वर ओळखीचा वाटता वाटता तारेवर काहीतरी खरखरते आणि तो हातातून निसटतो.

या फोनमधून आपल्याला फक्त दोन नावे कळतात, बिली आणि अॅग्नेस, आणि पूर्वी केव्हातरी त्यांच्या घरात काहीतरी फार वाईट घडले होते एवढा अंदाज. बस. चित्रपट संपेपर्यंत त्या माणसाचा चेहरा दिसत नाही. दिसतो तो एक डोळा. दार आणि चौकट यांच्यामधल्या फटीतून तो जेसकडे, म्हणजे त्या घरातल्या मुलींपैकी नायिकेकडे, पाहत असतो आणि ती त्याच्याकडे, आणि त्या एका डोळ्यात राग आहे, भीती आहे की ओळख आहे, हे मला इतक्या वर्षांत ठरवता आलेले नाही.

आता २००६ चा रिमेक. ग्लेन मॉर्गन यांनी तो लिहिला आणि दिग्दर्शित केला, कॅनडातच व्हँकुव्हर परिसरात चित्रित केला आणि अमेरिकेत तो ऐन नाताळच्या दिवशी प्रदर्शित झाला. यात बिलीला आडनाव मिळते, जन्म मिळतो, यकृताच्या आजाराने पिवळी पडलेली कातडी मिळते. आई त्याचा तिरस्कार करते, प्रियकराच्या साथीने त्याच्या वडिलांना मारते, बिलीला पोटमाळ्यावर डांबते आणि त्याच्यावर अत्याचार करते. अॅग्नेस कोण, तेही कळते. मग तो आईला मारतो, वेड्यांच्या इस्पितळात जातो, नाताळच्या रात्री तिथून पळतो आणि आपल्या जुन्या घराकडे निघतो, जे आता मुलींचे वसतिगृह झालेले आहे. मधूनमधून भूतकाळात नेऊन हे सगळे इतके तपशीलवार दाखवले आहे की तासाभरात बिली हा भीतीचा विषय न राहता एक रुग्ण होतो. मला त्याची दया येऊ लागली आणि दया आल्यावर पोटमाळ्याकडे पाहताना छातीत धडधडणे थांबले.

मूळ चित्रपटाने जी जागा खुन्याला दिली नाही ती मुलींना दिली आहे. जेस गरोदर आहे आणि तिला मूल नको आहे. बार्ब पिते, कारण नाताळातही तिची आई तिला टाळते आहे. क्लेअरचे वडील तिला न्यायला येऊन थंडीत ताटकळत उभे राहतात. आणि त्याच वेळी क्लेअर वर, पोटमाळ्याच्या खिडकीशी, प्लास्टिकच्या पिशवीत तोंड गुंडाळलेल्या अवस्थेत झुलत्या खुर्चीत बसलेली आहे. रस्त्यावरून मान वर केली असती तर ती कोणालाही दिसली असती. वडील वर पाहत नाहीत, पोलीस पाहत नाहीत, कोणीच पाहत नाही. रिमेकमध्ये मुली भरपूर आहेत, नट्याही चांगल्या आहेत, पण मेलिसा कोणती आणि लॉरेन कोणती हे भाचीला आणि मला एकमेकींना विचारावे लागत होते.

रिमेकला एका गोष्टीचे श्रेय मनापासून देते. मूळ चित्रपटात फिल झालेली अँड्रिया मार्टिन यात मुलींवर देखरेख करणारी बाई झाली आहे. बत्तीस वर्षांनी तीच अभिनेत्री त्याच कथेत जिन्यावर उभी पाहिली आणि मला एकदम भरून आले. आपणांपैकी कोणी दोन्ही पाहिले असतील तर जरूर लिहावे.

रातवा

हिमरेषा, धागा आवडला, पण रिमेकच्या बाबतीत मी आपल्याशी सहमत नाही. मी आधी रिमेक पाहिला, नंतर मूळ. त्यामुळे असेल, पण मला ग्लेन मॉर्गन यांचा हेतू वेगळा वाटतो. जे १९७४ मध्ये दाखवले नाही तेच पुन्हा न दाखवणे म्हणजे नुसती नक्कल झाली असती. त्यांनी त्या दोन नावांचा धागा पकडला आणि फोनवर ऐकू येणारे तुकडे जोडून एक कुटुंब उभे केले. ते कुटुंब किळसवाणे आहे, पण नाताळ म्हणजे कुटुंब एकत्र येण्याचा सण, आणि याच सणात एका मुलाला घराने काय दिले, असा प्रश्न तो चित्रपट विचारतो. पोटमाळ्यावरून खालच्या खोलीतला नाताळ फटीतून पाहणारा लहान बिली मला अजून आठवतो.

दुसरे असे की त्या चित्रपटात निर्मात्यांचा हस्तक्षेप बराच झाला होता, हे आता लपून राहिलेले नाही. जाहिरातफीतीत दिसणारी काही दृश्ये तर चित्रपटात कुठेच नाहीत. त्यामुळे जो पडद्यावर आला तो संपूर्णपणे दिग्दर्शकाचा मानून त्याला दोष देणे मला योग्य वाटत नाही. खुद्द बॉब क्लार्क यांचे नाव त्यावर कार्यकारी निर्माते म्हणून आहे. २००७ च्या एप्रिलमध्ये मोटार अपघातात त्यांचे आणि त्यांच्या मुलाचे निधन झाले, रिमेक येऊन चार महिनेही झाले नव्हते. नाताळचा हा सर्वांत काळा चित्रपट करणाऱ्या माणसानेच १९८३ मध्ये ‘अ ख्रिसमस स्टोरी’ केला, जो अमेरिकेत घरोघरी दर नाताळला टीव्हीवर लागतो. या दोन टोकांमध्ये त्यांना कुटुंबाविषयी काहीतरी म्हणायचे होते आणि रिमेकने, कितीही ओबडधोबडपणे का होईना, तीच वाट धरली असे मला वाटते.

मुलींविषयीचा आपला आक्षेप मात्र मान्य. मलाही नावे आठवत नाहीत.

जुनी तबकडी

मी भयपट सहसा पाहत नाही. हा धागा वाचून मुलाने मूळ चित्रपट लावून दिला आणि मी तो पूर्ण पाहिला, तो एका वेगळ्याच कारणासाठी. माझी सारी नोकरी दूरध्वनी केंद्रात गेली आणि सुरुवातीची वर्षे स्ट्रोजर या जुन्या यांत्रिक पद्धतीच्या केंद्रात. चित्रपटात पोलीस फोनचा माग काढायला सांगतात तेव्हा एक तंत्रज्ञ उंच मांडण्यांच्या रांगांमधून धावत सुटतो. ते दृश्य पाहून मी खुर्चीत सरसावून बसलो. तरुण वाचकांना तो माणूस धावतो का, हे कळणार नाही, म्हणून सांगतो.

या पद्धतीत संगणक नसतो. आपण तबकडी फिरवली की प्रत्येक अंकाबरोबर केंद्रातला एक स्विच हलतो. त्याचा दांडा अंकाइतक्या पायऱ्या वर चढतो, मग आडवा फिरून मोकळी तार शोधतो आणि पुढच्या अंकासाठी पुढच्या स्विचकडे सोपवतो. शेवटचा स्विच ज्याला फोन लावला त्याच्या तारेवर जाऊन थांबतो. बोलणे चालू असेपर्यंत हे सगळे दांडे आपापल्या जागी अडकून उभे असतात. फोन कुठून आला हे कोठेही लिहिलेले नसते. ते शोधायचे तर ज्याला फोन आला त्याच्या तारेपासून उलटे निघायचे: कोणता दांडा या तारेवर उभा आहे ते पाहायचे, त्याच्या मागची तार कोणत्या मांडणीतून येते ते पाहायचे, तिकडे धावायचे, पुन्हा दांडा शोधायचा. आणि बोलणाऱ्याने मध्येच रिसीव्हर ठेवला तर सगळे दांडे खटखट करत खाली येतात आणि माग तिथेच संपतो. म्हणून तर जेसला पोलीस सांगतात की त्याला बोलत ठेव.

आमच्या केंद्रातही निनावी, अश्लील फोनच्या तक्रारी येत आणि त्या बहुतेक बायकांच्याच असत. रात्रपाळीला मी स्वतः असा माग काढलेला आहे. शेकडो स्विच एकाच वेळी खटखटत असतात, तेलाचा वास असतो आणि त्या आवाजातला एक विशिष्ट दांडा तुम्हाला हवा असतो. पलीकडे एक बाई घाबरून रिसीव्हर धरून बसली आहे, हे माहीत असते आणि तिच्यासाठी तुम्ही पळण्यापलीकडे काही करू शकत नाही. चित्रपटात हा ताण अगदी खरा उतरला आहे.

शेवटी कळते की फोन त्याच घरातून, मिसेस मॅकच्या वेगळ्या क्रमांकावरून येत होते. एकाच घरात दोन क्रमांक असले तर ते एकाच केंद्रात असणे स्वाभाविक आहे, म्हणजे तो तंत्रज्ञ इतका वेळ ज्या दोन तारांमध्ये धावत होता त्या बाहेर एकाच भिंतीत जात होत्या. मुलाने मग रिमेकही थोडा दाखवला. त्यात मोबाइल आहेत आणि फोन आला की मेलेल्या मुलीचे नाव पडद्यावर झळकते. कल्पना वाईट नाही, पण मला तिथे धावणारा कोणी दिसला नाही.

कंदील

जुनी तबकडी, आपला प्रतिसाद वाचून ते दृश्य मी पुन्हा पाहिले आणि पहिल्यांदाच नीट पाहिले. आपले मनापासून आभार.

मला जेसबद्दल लिहायचे आहे. ती प्रियकराला, पीटरला, शांतपणे सांगते की ती गरोदर आहे आणि हे मूल तिला नको आहे. तिची स्वतःची काही स्वप्ने आहेत आणि ती सोडायला ती तयार नाही. तो चिडतो, रडतो, लग्न करू म्हणतो, पियानोची परीक्षा बिघडल्यावर पियानो फोडतो. ती डगमगत नाही. हे १९७४ मध्ये, कॅनडात. तिथे १९६९ च्या कायद्याने इस्पितळातल्या डॉक्टरांच्या समितीने मान्यता दिली तरच गर्भपात करता येत असे, आणि तो कायदा सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला १९८८ मध्ये. आपल्याकडे १९७१ चा गर्भपाताचा कायदा होता, पण त्यातही संततिनियमन फसल्याचे कारण फक्त विवाहितेलाच देता येत होते. ते शब्द बदलायला २०२१ उजाडले. अशा काळात भयपटातली नायिका हा निर्णय घेते आणि चित्रपट तिला त्याची शिक्षा देत नाही. भयपटात मुलीने जरा मोकळे वागले की तिचा नंबर लागतो, हा पुढच्या काळातला नियम इथे नाही. ही भूमिका ऑलिव्हिया हसीची. तिनेच २००३ मध्ये मदर तेरेसा साकारल्या होत्या. २०२४ च्या डिसेंबरात, नाताळनंतर दोनच दिवसांनी ती गेली.

शेवटी तळघरात जेस पीटरला मारते, तोच खुनी आहे असे समजून. पोलीसही तसेच समजतात. तो निरपराध होता हे फक्त आपल्याला माहीत आहे. २००६ च्या रिमेकमध्ये हे सगळेच गळाले. तिथल्या प्रियकरावर थोडा संशय येतो आणि मग त्यालाही मारून टाकतात, विषय संपला.

२०१९ चा सोफिया टाकल यांचा रिमेक इथे अजून कोणी काढला नाही. त्यात फोनऐवजी महाविद्यालयाच्या संस्थापकाच्या नावाने धमकीचे संदेश येतात आणि हल्लेखोर एक नसून मुलांची अख्खी टोळी आहे. मुलींचे म्हणणे त्यात पुन्हा मध्यावर आले, याचा मला आनंद आहे. पण त्याच संस्थापकाच्या पुतळ्यातून झिरपणारा काळा द्रव आणि त्याची जादू आली आणि पुरुषांच्या वागण्याची जबाबदारी त्या द्रवावर गेली. १९७४ मध्ये पोलीस ठाण्यात क्लेअर हरवल्याची तक्रार घेऊन गेलेल्यांना हवालदार सांगतो की ती कुठेतरी मित्राबरोबर गेली असेल. तिथे जादू नाही. ते मला जास्त खरे वाटते.

हिमरेषा

सर्वांचे आभार. रातवा, फटीतून नाताळ पाहणाऱ्या लहान बिलीचे आपण लिहिले आहे ते वाचून मी तो भाग पुन्हा पाहिला. दृश्य चांगले आहे, मान्य करते. कथानक स्वतंत्र असते आणि त्याला ‘ब्लॅक ख्रिसमस’ हे नाव नसते, तर कदाचित मी त्याकडे अधिक मोकळेपणाने पाहिले असते. निर्मात्यांच्या हस्तक्षेपाचा मुद्दाही रास्त आहे. पण हस्तक्षेप मूळ चित्रपटातही होऊ घातला होता. अमेरिकेतल्या वितरकांना शेवट बदलून खुनी कोण ते स्पष्ट करायला हवे होते आणि बॉब क्लार्क यांनी ठाम नकार दिला. म्हणून रिमेकवर त्यांचे नाव पाहिले की मला नेहमी थोडे चुकचुकल्यासारखे होते.

जुनी तबकडी, आपण सांगितलेल्या एकाच भिंतीत जाणाऱ्या दोन तारा आता दर वर्षी डोळ्यांसमोर येतील. भाचीला आपला प्रतिसाद वाचून दाखवला. तबकडीचा फोन तिने कधी वापरलेला नाही, त्यामुळे फोनचा माग काढायला माणसाला धावावे लागते हे तिला खोटे वाटले होते.

कंदील, जेसविषयी आपण जे लिहिले त्यात एकच भर घालते. बार्बला मारले जाते तेव्हा जेस खाली दारात उभी राहून कॅरोल, म्हणजे नाताळची गाणी, गाणाऱ्या लहान मुलांचे गाणे ऐकत असते. वर काचेच्या युनिकॉर्नने, म्हणजे एकशिंगी घोड्याच्या शोभेच्या मूर्तीने, वार चालू आहेत, त्या काचेवर दिव्याचा उजेड चमकतो आहे, आणि खाली मुलांचे चेहरे थंडीने लाल झालेले. गाणे इतके गोड आहे की वरचा आवाज तिला ऐकू येत नाही. तिच्या चेहऱ्यावर त्या रात्रीतला एकमेव निवांत क्षण आहे. २००६ मध्ये वार भरपूर आहेत, पण त्या वेळी खाली कोण काय ऐकते आहे, हे पाहायला कोणी थांबत नाही.

भाचीने विचारलेला एक प्रश्न राहिला. शेवटी पोलीस, डॉक्टर सगळे निघून जातात, जेस औषधाच्या गुंगीत एकटी झोपलेली असते, दाराबाहेर एक शिपाई उभा असतो. कॅमेरा सावकाश वर जातो. पोटमाळा कोणी तपासलेलाच नाही. क्लेअर अजून तिथेच खिडकीशी आहे आणि शेजारी मिसेस मॅकही. मग फोन वाजू लागतो. श्रेयनामावली सरकत राहते आणि तो वाजतच राहतो. भाचीने विचारले, “मावशी, तो फोन उचलला जातो का?” मी आवाज वाढवून नावे संपेपर्यंत तिला ऐकवले. उचलला जात नाही.